लाल तोच, मिरची वेगळी

कोल्हापूर जिल्ह्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. कांदा-लसूण मसाला हा घरचा धंदा. त्या भागात त्याला चटणीच म्हणतात. संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या सौद्यातून येते, रंगासाठीची ब्याडगी कर्नाटकातून. खोबरं, धणे, तीळ भाजले जातात, कांदा-लसूण तळला जातो, आणि सगळं कांडपातून निघून दोनशे ग्रॅमच्या लाल पाकिटात बंद होतं. पाकिटावर सूप घेऊन बसलेली एक बाई आहे. खेड्यातल्या दुकानात गिऱ्हाईक कंपनीचं नाव घेत नाही. ‘सूपवाली द्या’ म्हणतं.

धंदा काका बघतात. पुतणी पुण्यात प्रिंटिंग इंजिनिअरिंग शिकली, पाऊच छापणाऱ्या कारखान्यात तिने नोकरी केली आणि आता ती घरच्या धंद्यात उतरली आहे. तिला पाकीट बदलायचं आहे आणि नवं पाकीट डिजिटल मशीनवर छापून घ्यायचं आहे. काकांना दोन्ही नको आहे. हे घर मी रचलेलं आहे; वाद मात्र लोणच्याच्या, पेढ्याच्या, चिवड्याच्या कितीतरी खऱ्या घरांत चालू आहे. त्यात माझीही बाजू आहे, ती पुढे सांगतोच.

काका : पाकीट खराब आहे असं एक तरी गिऱ्हाईक बोललंय का?

पुतणी : गिऱ्हाईक नाही बोललं. गोदाम बोलतंय. अर्धा किलोच्या पाकिटाचे रोल भिंतीला लावून ठेवलेत. अर्धा किलो विकणं आपण कधीच बंद केलं.

काका : वापरू की कधीतरी. माल कुठं नासतोय?

पुतणी : नाही वापरता येणार, काका. त्यावरचा पत्ता जुना आहे. आणि ते तीन थरांचं प्लॅस्टिक आहे, भंगारवालासुद्धा घेत नाही. आपण पैसे देऊन कचरा छापून घेतला.

काका : तो काय हौसेनं घेतला? छापणारा तीनशे किलोच्या खाली हात लावत नाही.

पुतणी : तेच म्हणतेय. दोनशे ग्रॅमच्या एका पाकिटाला सात ग्रॅमच्या आसपास मटेरियल जातं. तीनशे किलो म्हणजे चाळीस हजारांवर पाकिटं. जवसाची चटणी काढायचं आपण दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी गप्प बसतो. का? चटणी चालेल का हे कळायच्या आधी चाळीस हजार पाकिटं घ्यावी लागतात म्हणून.

इथे छपाईबद्दल थोडं सांगायला हवं. किराणा दुकानातली बहुतेक चकचकीत पाकिटं ग्राव्हर पद्धतीने छापलेली असतात. पोलादी सिलिंडरवर तांब्याचा थर चढवतात, त्यात हिऱ्याच्या टोकाने लाखो बारीक खळगे कोरतात आणि वर क्रोमचा मुलामा देतात. खळग्यांत शाई भरते, वरची पुसली जाते, उरलेली फिल्मवर उतरते. प्रत्येक रंगाला एक सिलिंडर. सात रंग असतील तर सिलिंडर सात. एकदा ते कोरले की लाखो पाकिटं झपाट्याने आणि स्वस्तात निघतात. पण एक अक्षर बदलायचं तर ते अक्षर ज्या रंगात आहे तो सिलिंडर पुन्हा कोरावा लागतो. म्हणून छापणारा मोठी ऑर्डर मागतो, आणि म्हणून छोटा उद्योजक एकदा छापलेलं वर्षानुवर्षं चालवतो.

डिजिटल मशीनमध्ये कोरलेला सिलिंडर नसतो. १९९३मध्ये बेनी लांडा यांच्या इंडिगो या कंपनीने इस्रायलमधून डिजिटल रंगीत छपाईचं यंत्र बाजारात आणलं. २००२मध्ये ती कंपनी एचपीने घेतली. या यंत्रात संगणकावरचं चित्र थेट प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर उमटतं, त्यावर शाई बसते, तिथून ती गरम रबरी पट्ट्यावर आणि मग फिल्मवर जाते. प्रत्येक फेरीला चित्र नव्याने उमटत असल्याने पुढचं पाकीट मागच्यापेक्षा वेगळं असलं तरी यंत्राला फरक पडत नाही. पाऊचच्या फिल्मवर रुंद छपाई करणारी अशी यंत्रं गेल्या दहा-बारा वर्षांतली. हजार पाकिटंही त्यावर छापून मिळतात.

काका : आणि दर?

पुतणी : पाकिटामागे आपल्या आत्ताच्या दराच्या दुप्पट धरा, कधी तिप्पट.

काका : मग संपलं की! चटणीत आपल्याला सुटतं किती, तुला ठाऊक आहे.

पुतणी : दोनशे ग्रॅमला डिजिटल मी मागतच नाही. ते रोज खपतं, ते सिलिंडरवरच राहू दे. जवसाची, शेंगदाण्याची, काळ्या तिखटाची पाकिटं डिजिटलवर करू. हजार काढू. खपली तर पुन्हा हजार. जोर धरला की सिलिंडर कोरू.

काका : हे आधी का नाही बोललीस? मला वाटलं सगळंच उलटं करतेयस.

पैशाचा प्रश्न इतका चटकन सुटतो, कारण तो मुळात हिशोबाचा आहे. डिजिटल छपाई विकणारे लोक हा हिशोब स्पष्ट मांडत नाहीत, याचा मला राग येतो. रोज खपणाऱ्या मालासाठी ती महाग आहे आणि थोड्या मालासाठी तीच स्वस्त, कारण गोदामात काही पडून राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ला नमकीन-फरसाणवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी पाकिटांवर किंमत आधीच छापून ठेवली होती त्यांच्यापैकी अनेक जण स्टिकर चिकटवत बसले. सरकारने स्टिकरची मुभा दिली म्हणून निभावलं. महिन्यापुरतं छापणाऱ्याचं ओझं त्या दिवशी नक्कीच हलकं होतं.

पुढची बैठक मात्र तापते, कारण पुतणी नव्या पाकिटाचे नमुने टेबलावर मांडते. खाकी कागदाचा भास देणारं पाऊच, बारीक काळी अक्षरं, मधोमध पारदर्शक खिडकी.

काका : ही खिडकी कशाला?

पुतणी : आतला रंग दिसावा म्हणून. आपला रंग हीच तर आपली ताकद.

काका : दुकानदार पाकीट दारात टांगतो. दिवसभर ऊन. दोन महिन्यांनी खिडकीपुरती चटणी विटकरी होते आणि बाकीची लाल राहते. मिरचीचा रंग उजेडात टिकत नाही, हे तुला कॉलेजात नाही सांगितलं?

पुतणी : सांगितलं होतं. तो रंग उजेडाने आणि हवेने उडतो. … बरं, खिडकी नको.

काका : आणि हा खाकी रंग?

पुतणी : शहरात लोकांना घरगुती वाटतं.

काका : आपल्या घरात चटणी खाकी कागदात कधी बांधली? माझ्या वडिलांनी पत्र्याच्या डब्यातून मापानं विकली. मग बटर पेपरची पुडी आली, वर लाल लेबल. मग पाऊच. पाऊच मी आणला. बदलायला मी भीत नाही बघ. पण प्रत्येक वेळी लाल रंग आणि सूप सोबत घेऊन आलो. हे खाकी कुणाचं आहे?

काकांचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. आत प्लॅस्टिक आणि बाहेर कागदाचा भास, हा आज जुन्या चवीचा गणवेश झाला आहे. गुळाची पावडर, नाचणीची बिस्किटं, आंबापोळी, सगळ्यांना तोच. ज्या घराकडे स्वतःचं जुनं वेष्टन नाही त्याने तो घालावा, समजण्यासारखं आहे. पण ज्याच्या नावावर लाल पुडी आणि सूपवाली बाई आहे, त्याने ती टाकून हा सर्वांचा खाकी घेणं म्हणजे स्वतःची कमाई रस्त्यावर ठेवणं.

आता रंगाचा वाद.

पुतणी : लाल ठेवू. पण कुठला लाल? ही बघा, तुमच्याच खणातली तीन पाकिटं. यंदाचं, मागच्या वर्षीचं आणि त्याआधीचं. हे नारिंगीकडे झुकतंय, हे मधलं काळपट आहे. शाई जराशी पातळ झाली, दुसऱ्या लॉटची आली, की रंग हलतो. तुम्ही ‘लाल तोच ठेवला’ म्हणता, तो लाल एक नाहीच.

काका : शेजारी शेजारी ठेवलीस म्हणून दिसतंय. गिऱ्हाईक काय तीन वर्षांची पाकिटं घेऊन दुकानात येतं?

पुतणी : मी रंग यंत्राने मोजून देईन. डिजिटलला तो आकडा दिला की जवळजवळ तोच लाल दर वेळी येईल.

काका : ‘जवळजवळ’?

पुतणी : आपला लाल ही खास कालवलेली शाई आहे. डिजिटलमध्ये तो ठरलेल्या रंगांच्या बारीक ठिपक्यांतून जुळवावा लागतो. काही लाल हुबेहूब जुळतात, काहींत किंचित फरक राहतो. प्रूफ बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

काका : हे बरं बोललीस. प्रूफ दिव्याखाली नको, दुकानाच्या दारात धरून बघायचं.

‘गिऱ्हाईक शेजारी शेजारी ठेवून बघत नाही’ हे काका सहज बोलून गेले, पण या देशातल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरचा एक गाजलेला निकाल याच विचारावर उभा आहे. १९७२मध्ये पार्ले प्रॉडक्ट्स विरुद्ध म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर एक मुलगी, जवळ गाय, पुढे कोंबड्या, मागे कुंपण घातलेलं शेतघर असं चित्र होतं. दुसऱ्या कंपनीच्या वेष्टनावर चित्र तंतोतंत तेच नव्हतं. पण मुलगी, गाय, कोंबड्या, शेतघर होतंच, आकार आणि रंगसंगतीही जवळपास तीच. खालच्या न्यायालयांत पार्ले हरली होती. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. ग्राहक दोन वेष्टनं जवळ ठेवून फरक शोधत बसत नाही, त्याच्या मनात एकूण ठसा असतो आणि त्या ठशावर तो फसू शकतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

याचा अर्थ काकांच्या धंद्याच्या भाषेत सांगायचा तर असा : सूपवाल्या बाईची नक्कल कुणी केली तर कोर्टात उभं राहायला आधार म्हणजे तो ठसा, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला असेल तरच त्याला वजन. दर सणाला नवं पाकीट काढणारा उद्योजक स्वतःच्याच हाताने हा आधार पातळ करतो. छपाई स्वस्त झाली, बदल सोपा झाला, म्हणून बदलत सुटायचं, हा डिजिटलचा खरा धोका आहे. पुतणीला तो मोह आहेच.

पुतणी : २०१७मध्ये इटलीत न्युटेलाने सत्तर लाख बरण्या काढल्या, एकीसारखी दुसरी नाही. डिजिटल छपाईने. आपण दिवाळीला प्रत्येक पाकिटावर वेगळी रांगोळी काढली तर?

काका : त्या बरणीचा आकार बदलला?

पुतणी : नाही.

काका : नाव, नावाची अक्षरं?

पुतणी : तीच. मागचे रंग आणि नक्षी तेवढी वेगळी.

काका : मग ती बरणी न्युटेलाचीच राहिली. सूपवालीच्या मागं रांगोळी घातलीस तर बाई दिसेल की रांगोळी? आणि तालुक्याच्या दुकानदाराला तू काय सांगणार? तो म्हणेल हे डुप्लिकेट आहे.

हा शेवटचा मुद्दा शहरात बसून पाकिटं काढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. नकली मालाने पोळलेला दुकानदार पाकिटातला प्रत्येक बदल संशयाने बघतो. त्याला आधी सांगावं लागतं, जुनं आणि नवं दोन्ही हातात द्यावं लागतं.

पुतणी : बरं, रांगोळी नको. पण मागच्या बाजूला क्यूआर कोड? प्रत्येक पाकिटाला वेगळा. मोबाइल धरला की कुठल्या दिवशी कुटलं, कुठल्या खेपेचं, सगळं दिसेल. नकलीही पकडता येईल.

काका : ते लिहीत कोण बसणार?

पुतणी : मी.

काका : तू बाळंतपणाला गेलीस तर? तू नोकरीला परत गेलीस तर? कोडमागं कुणी नसेल तर तो नुसता चौकोन आहे. नाही जमायचं ते छापू नको.

यावर पुतणीकडे त्या दिवशी उत्तर नसतं, आणि ते बरोबरच आहे. कोड छापणं सोपं. त्यामागची नोंद रोज ठेवणं हा वेगळा धंदा आहे. बाजारात अशी कितीतरी पाकिटं आहेत ज्यांवरचा कोड कंपनीच्या मुख्य पानावर नेऊन सोडतो आणि खेपेबद्दल चकार शब्द सांगत नाही.

काकांची आणखी एक शंका आहे, ती कारखान्यातली आहे आणि खरी आहे.

काका : चटणीला तेल सुटतं. मागं एकानं स्वस्तात पाऊच दिले, उन्हाळ्यात त्याचा वरचा पापुद्रा सुटून आला. सूपवाली हातात आली नुसती. ही नवी शाई टिकेल का? आणि चटणीला लागली तर?

पुतणी : छपाई वरच्या फिल्मच्या आतल्या बाजूला उलटी करतात आणि मागे दुसरी फिल्म चिकटवतात. शाई दोन थरांत अडकलेली असते, मसाल्याला शिवत नाही. छापलेली बाजू अन्नाला लागू द्यायची नाही, असा नियमच आहे; शाईसाठीही आयएस १५४९५ हे मानक पाळावं लागतं. पापुद्र्याचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. तेल, लसणाचा उग्र वास, उष्णता, यांनी चिकटलेले थर सुटू शकतात. म्हणून आधी शंभर पाकिटं चटणी भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू आणि मे महिना जाऊ देऊ.

काका : हां. हे काम झालं.

इथवर वाद दोघांचा आहे. मग काकू बोलतात. मिश्रण त्या करतात; आजवर पाकिटाबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नाही.

काकू : तुम्ही दोघं पुढची बाजू बघताय. मागची वाचली का कुणी? त्यावर लिहिलंय ‘अस्सल ब्याडगी मिरचीपासून’. ज्या वर्षी ब्याडगीचा भाव आभाळाला भिडला, त्या वर्षी आपण किती घातली?

काका : अगं…

काकू : अर्धीच घातली. बाकी गुंटूर घातली आणि खोबरं थोडं वाढवलं, तिखटपणा दाबायला. चव मी सांभाळली. पण पाकिटावर ब्याडगीच राहिली.

पुतणी : काका, हे खरं आहे?

काका : आहे. पण ती लबाडी नव्हे. मिरची शेतात येते, कारखान्यात नव्हे. एका वर्षी पाऊस लांबतो, एका वर्षी ब्याडगीला रंग कमी येतो. दरवर्षी तीच चव द्यायची तर मिश्रण हलवावंच लागतं. तेच आमचं कसब. आणि चाळीस हजार पाकिटं छापून पडलेली असताना मी करू काय? टाकून देऊ?

संबंध वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथे येतो, आणि मला तो टाळायचा नाही.

मिश्रण हलवावं लागतं, हे काकांचं म्हणणं खरं आहे. मिरचीचा बाजार स्थिर नसतो. मार्च २०२४मध्ये ब्याडगीच्या बाजार समितीत भाव कोसळले तेव्हा संतापलेल्या शेतकऱ्यांनी कार्यालयावर हल्ला केला, गाड्या पेटवल्या. चढलेल्या भावात मसालेवाला होरपळतो, पडलेल्या भावात शेतकरी. या हेलकाव्यांत एक चव धरून ठेवणं हे कौशल्य आहे, आणि ते बहुतेक घरांत काकूंसारख्या बायकांच्या हातात आहे.

पण ‘ती लबाडी नव्हे’ हे काकांचं म्हणणं मला मान्य नाही. ब्याडगी मिरचीला २०११मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव हावेरी, धारवाड, गदग या भागांतल्या शेतकऱ्यांच्या कष्टाचं आहे. ते छापून आत दुसरी मिरची भरणं हे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि त्या शेतकऱ्याचीही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ अशा दिशाभूल करणाऱ्या वेष्टनाला तीन लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. दंडाचं सोडा. ‘पाकिटं छापून पडली होती’ ही सबब या देशातल्या हजारो छोट्या खाद्य उद्योगांत रोज वापरली जाते. साजूक तुपाचं प्रमाण घटलं तरी पाकिटावर साजूक तूप, गुळाऐवजी साखर वाढली तरी पाकिटावर गूळ. एका सिलिंडरपायी माणसं खोटं बोलत राहतात, आणि कालांतराने ते खोटं त्यांना खोटं वाटेनासं होतं.

पुतणी : म्हणून तर मी म्हणते काका, कमी छापू. जी खेप, तेवढी पाकिटं. ज्या खेपेत जी मिरची, तिचं नाव.

काका : आणि पाकिटावर दर वेळी वेगळी मिरची बघून लोक म्हणणार, ह्यांनी माल बदलला.

काकू : हापूस दरवर्षी सारखा असतो का? यंदा जरा आंबट आहे म्हणून लोक खायचे थांबतात? उलट बागवाल्यालाच विचारतात, यंदा काय झालं. विचारू देत की मला. मी सांगीन.

पुतणी : तुमचं कसब काका, तेच छापू. ‘यंदाची मिरची : संकेश्वरी आणि गुंटूर.’ एवढंच. सूपवाली तिच्या जागी, लाल त्याच्या जागी.

काका : दोनशे ग्रॅमच्या पाकिटाचं काय? ते तर सिलिंडरवर ठेवायचं ठरलं.

पुतणी गप्प होते. डिजिटलवर खेपेगणिक छापायचं म्हटलं तर दर परवडत नाही. सिलिंडरवर छापायचं तर नाव बदलता येत नाही. आणि मग तोडगा काढतात ते काकाच.

काका : आपण तारीख, बॅच नंबर आणि किंमत भरतानाच छापतो ना, त्या छोट्या मशीनवर? त्यावर मिरचीचं नाव नाही येत?

पुतणी : … येतं. दोन ओळी सहज येतात. तेवढी पांढरी जागा सोडावी लागेल. ‘अस्सल ब्याडगी’ काढून टाकायला काळ्या रंगाचा एकच सिलिंडर नव्याने कोरावा लागेल.

काका : मग एकच कोरू.

म्हणजे खरं सांगण्यासाठी लागणारं यंत्र या घरात कित्येक वर्षं होतंच. तारखेपुरतं वापरात होतं. डिजिटल छपाईची चर्चा निघाली नसती तर पाकिटाची मागची बाजू कुणी वाचली नसती, आणि काकू बोलल्या नसत्या. नव्या तंत्राचा या घराला झालेला पहिला फायदा हा आहे. जवसाच्या चटणीची हजार पाकिटं हा दुसरा.

आता माझी बाजू. जुन्या चवीच्या धंद्याने डिजिटल छपाई घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण पुढची बाजू सजवण्यासाठी नव्हे, मागची बाजू खरी करण्यासाठी. पुढचा चेहरा शक्य तितका हलवू नये. ज्यांच्याकडे एखादी सूपवाली आहे त्यांनी तिचं रेखाचित्र नीट जपावं, ट्रेडमार्कची नोंदणी केली नसेल तर आधी ती करावी, रंग एकदा मोजून आकड्यात लिहून ठेवावा. छोट्या खेपा, नवे पदार्थ, परगावच्या मराठी मंडळांच्या ऑर्डरी, वेगळ्या भाषेतलं लेबल, या सगळ्यासाठी हजार-पाचशेची छपाई हे वरदान आहे. गावातली बचतगटाची बाईसुद्धा आता चांगलं, कायदेशीर पाकीट काढू शकते. पूर्वी ते फक्त सिलिंडर परवडणाऱ्यालाच जमत होतं. या बाबतीत काकांच्या पिढीचा संशय मला पटत नाही. छपाई महाग होती तेव्हा बाजार मोठ्यांचा होता.

आणि जे उद्योजक डिजिटलचा खर्च करूनही घटकांची यादी जुन्याच फाइलमधून उचलून नव्या पाकिटावर चिकटवतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती नाही. त्यांच्याकडे आता सांगायला सिलिंडरही उरलेला नाही.

वाचकांकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी मसाल्याचं पाकीट घ्याल तेव्हा ते उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे पहिल्या तीन नावांवरून बरंच कळतं. मिरची कुठली ते लिहिलं नसेल, किंवा लिहिलंय त्यावर विश्वास बसत नसेल, तर तिथेच ग्राहक तक्रारीसाठी फोन नंबर असतो. तोही छापावाच लागतो. फोन करा आणि विचारा, यंदा कुठली मिरची घातली.